आंजनेयापुढं ठेवलेले ग्लोव्ह्ज

हुलीकट्टे
बुधवार, २० जुलै १९९४

चि. फत्ते,

तुला, आसावरीला आणि अक्षराला आशीर्वाद. बातमी परवा कळली. गरडीत संध्याकाळी, पोरांची कुस्तीची तालीम सुरू व्हायच्या आधी, मास्तर कन्नड पेपर मोठ्यानं वाचतात, ते तुला ठाऊक आहे. खेळाच्या पानावर आले आणि थांबले. चष्मा पुसला, पान उलटलं आणि रेशीमकोषांचे भाव वाचायला लागले. भाव चांगला होता, पण कुणी ऐकत नव्हतं. शेवटी चपला शिवणारा शिवाप्पा म्हणाला, "मास्तर, मागचं पान राहिलं." मग त्यांनी वाचलं. बॉक्सिंगमध्ये दोनदा देशाचा विजेता झालेला बेंगळूरचा फत्तेसिंग पुण्याच्या शार्दूल नावाच्या मुलापुढं दुसऱ्या फेरीतच खाली बसला आणि पंचांनी लढत थांबवली.

मी रोजच्यासारखं आंजनेयापुढच्या समईत तेल घातलं आणि घरी आलो.

काय लिहावं सुचत नाही, म्हणून इकडचं लिहितो. तुतीला पाला चांगला आहे. रेशमाचे किडे तिसऱ्या झोपेतून उठलेत आणि आता नुसते खात सुटतील. तुझी वहिनी म्हणते, एवढी आवड तुम्ही कधी माझ्या जेवणाची दाखवली नाहीत. गेल्या शनिवारी भीमण्णानं लंगोट आंजनेयापुढं ठेवला. गुडघे गेलेत त्याचे. तू सोळाव्या वर्षी गाव सोडलंस, पण ही रीत पाहिलेली असशील. एकदा लंगोट देवापुढं ठेवला की कुस्ती संपली. मग मातीत उतरायचं ते फक्त पोरांना शिकवायला. आजवर कुणी ठेवलेला परत उचललेला नाही. प्रसाद वाटताना दोघातिघांनी मला विचारलं, "आपला बेंगळूरचा पैलवान कधी येणार?" तू गुद्दे खेळतोस, कुस्ती नाही, हे त्यांना कितीदा सांगितलं तरी त्यांच्या लेखी तू याच गरडीचा. मी म्हटलं, त्याचं तो ठरवील.

मार कुठं लागला ते लिही. पुढं काय करणार तेही.

खंडोजी


बनशंकरी, बेंगळूर
२ ऑगस्ट १९९४

अण्णा,

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. तुमचं पत्र आसावरीनं आधी वाचलं आणि मला म्हणाली, "यांनी मार विचारलाय, खरं लिहा." लिहितो. भुवईला टाके पडले होते, ते निघाले. उजव्या डोळ्याखालची सूज उतरली. बाकी काही नाही. त्या पोराचा डावा हात कसा आला ते मला दिसलंच नाही. सगळे म्हणतात तो फार वेगवान आहे. असेल.

पुढं काय, हे इथंही सगळे विचारतात. दूधवालासुद्धा. गमतीची गोष्ट म्हणजे हरल्यावर मागणी वाढली आहे. शहरात आता पब निघालेत, म्हणजे दारूचीच दुकानं, पण काचेची आणि आत मोठ्यानं गाणी. एका मालकानं बोलावून घेतलं. काम एवढंच की संध्याकाळी काळा कोट घालून दारात उभं राहायचं. "मारायचं नाही चॅम्पियन, नुसतं दिसायचं," म्हणाला. पगार कारखान्यापेक्षा जास्त. आसावरी म्हणाली, "दारातच उभं राहायचं असेल तर आपल्या दारात राहा. अक्षराची व्हॅन रोज उशिरा येते, ती तरी वेळेवर येईल."

मुंबईचा एक गृहस्थ येऊन गेला. पैसे घेऊन लढायच्या तीन लढती देतो म्हणतो. त्यातल्या दोन मी हरायच्या असाव्यात, असं त्याच्या बोलण्यावरून वाटलं. कोचचा कोर्स आहे, पण तो वर्षभर उत्तरेत जाऊन करावा लागतो आणि पुस्तकं सगळी इंग्रजीत.

आणि कारखाना आहेच. खेळाडू म्हणून घेतलं तेव्हापासून हजेरीपटावर मी टर्नर, म्हणजे यंत्रावर लोखंड कातणारा, आहे, पण सरावाची सवलत असल्यानं यंत्राजवळ कधी गेलो नाही. ती सवलत आता संपेल. फोरमन बिंदुमाधव परवा भाजीबाजारात भेटले. म्हणाले, "या आता शॉपमध्ये. तुमचं यंत्र पुसून ठेवलंय." ते काही माझं काम नव्हे.

नोव्हेंबरात इथंच अखिल भारतीय स्पर्धा आहे. त्यानंतर वयाच्या अटीत मी बसणार नाही. अजून काही ठरवलेलं नाही. तुम्ही काळजी करू नका.

फत्ते


हुलीकट्टे
१३ ऑगस्ट १९९४

चि. फत्ते,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

पबबद्दल तू हसत लिहिलं आहेस, पण सर्वांत जास्त ओळी त्यालाच दिल्यास, म्हणून मला भीती वाटते. पगाराचं मी समजू शकतो. पण ज्या देहावर तू इतकी मेहनत घेतलीस, तो दुसऱ्याच्या दारात नुसता दाखवायला ठेवायचा, हे मला सोसत नाही. जाऊ नकोस. कारखान्याबद्दल तू थोडंच लिहिलंस, म्हणजे ते पक्कं आहे असं मी धरतो. सरकारी नोकरी, घराजवळ काम, दिवसा जायचं आणि दिवसाच यायचं. देवानं ते तुझ्यासाठी राखून ठेवलं, हे कमी नाही.

तुला हरण्याची लाज वाटते आहे, असं मला वाटतं. वाटू देऊ नकोस. भीमण्णाही शेवटच्या जत्रेत पडला होता, आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोराकडून. उठला, त्या पोराच्या अंगावरची माती पुसली आणि त्याच आठवड्यात लंगोट ठेवला. आता सकाळी गरडीत बसतो. सगळ्यांना शिव्या देतो आणि सुखात आहे.

मीच आलो असतो, पण किडे शेवटच्या खाण्यावर आहेत. आता घर सोडता येत नाही. तू ये. श्रावणातला एखादा शनिवार बघून ये.

खंडोजी


बनशंकरी, बेंगळूर
२४ ऑगस्ट १९९४

अण्णा,

घाईत लिहितो. मी नोव्हेंबरात लढणार. परवापासून सराव सुरू करतो. पबला नाही म्हणून कळवलं, त्याची चिंता सोडा.

उद्या आपल्या गावच्या गाडीच्या कंडक्टरकडं एक पिशवी देतो आहे. त्यात माझे सरावाचे ग्लोव्ह्ज आहेत. उजव्याची अंगठ्याजवळची शिवण उसवली आहे. मागं शिवाप्पानं घातलेले टाके इतकी वर्षं टिकले. इथं दोघांना दाखवले, पण त्यांना ते जमत नाही. त्याच्याकडून शिवून घ्या आणि पंधरा तारखेच्या आत परत पाठवा. चिठ्ठी पिशवीत घालत नाही. कंडक्टर आपल्याच समाजातला, त्याला मराठी वाचता येतं, गाडी पोहोचायच्या आत गावभर होईल. म्हणून हे टपालानं.

आसावरीला अजून सांगितलेलं नाही. सराव करतो हे तिला दिसेल तेव्हा दिसेल. तुम्हीही कुणाला बोलू नका.

फत्ते


हुलीकट्टे
रविवार, २८ ऑगस्ट १९९४

चि. फत्ते,

काल जे झालं ते तुला सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण तू इथं असायला हवा होतास.

गुरुवारी तिन्हीसांजेला कंडक्टरनं पिशवी आणून दिली. उघडली तर तुझे ग्लोव्ह्ज. चिठ्ठी नाही. मी त्याला विचारलं, "काही सांगितलं त्यानं?" तो म्हणाला, "काही नाही अण्णा. खंडोजीअण्णांना द्या म्हणाले. मी सरी, बरंय म्हटलं, तर पाठ फिरवून गेलेसुद्धा." तू पाठ फिरवून गेलास हे ऐकलं आणि मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. ते देवापुढं ठेवायलाच पाठवलेस, असं मी धरलं. मी श्रावणी शनिवारचं लिहिलं होतं. तू स्वतः येऊ शकला नाहीस, तेही मी समजलो. भीमण्णाचं घर गरडीला लागून आहे, तरी त्याला ते अंतर चालवेना. तू तर बेंगळूरहून यायचा.

काल सकाळी ओलेत्यानं गेलो. लाल कापडावर ते ठेवले, शेंदूर लावला, रुईची माळ घातली. शिवाप्पानं हातात घेऊन बघितले आणि म्हणाला, "अंगठा उसवलाय. टाके घालून देऊ?" मी म्हटलं, आता कशाला. मास्तर तुझ्याबद्दल चार शब्द बोलणार होते, पण त्यांना दोनच आले. भीमण्णानं सगळ्या पोरांना रांगेत उभं करून पाया पडायला लावलं. नारळ एका घावात फुटला.

मी आंजनेयाला एवढंच सांगितलं की याला इतकी वर्षं धडधाकट घरी आणलंस, यापुढंही आण.

कोष बाजारात गेले की येऊन जातो. आसावरीला हे पत्र वाचून दाखव.

खंडोजी


बनशंकरी, बेंगळूर
५ सप्टेंबर १९९४

अण्णा,

तुमचं पत्र आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असणार. माझं आता तुम्हाला मिळालं असेल, आणि आपण काय केलं ते तुम्हाला कळलं असेल.

पिशवीत चिठ्ठी नव्हती, म्हणून तुम्ही माझा निकाल लावलात. आठवडाभर थांबला असता तर काय बिघडत होतं? स्पर्धेत लढायला मला ते ग्लोव्ह्ज लागत नाहीत, तिथं आयोजक देतात. सरावाला दुसरे आणीन. पण उद्या मी रिंगमध्ये उतरलो तर देवाला दिलेला शब्द मोडून उतरलो, असं गाव म्हणेल. तो शब्द मी दिलेलाच नाही. गाव सोडून बेंगळूरला यायचं तेव्हा थोरल्या काकांनी ठरवलं. खेळाडूच्या जागेवर नोकरी घ्यायची, तेही दुसऱ्यांनीच ठरवलं. मारामारी तेवढी मी माझ्या मनानं केली होती.

पत्र आसावरीनं उघडलं. मी घरी आलो तेव्हा ती मंदिरात गेली होती. देवीपुढं लिंबाच्या सालीतले दिवे लावून आली आणि म्हणाली, "सुटले मी." तिला सांगितलं की सुटली नाहीस. तेव्हापासून घरात बोलणं जेवढ्यास तेवढंच आहे.

फत्तेसिंग


हुलीकट्टे
रविवार, ११ सप्टेंबर १९९४

चि. फत्ते,

तुझं आधीचं पत्र तीस तारखेच्या मंगळवारीच मिळालं होतं. मी उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. मग दुसरं पत्र आलं. त्यात एकही शब्द जास्त नाही.

किडा पिकला की नाही, हे मी रोज एकेक हातात घेऊन, उजेडासमोर धरून बघतो. अंग पारदर्शक दिसलं, तोंड वर करून शोधायला लागला, की मग चंद्रिकेवर, कोष विणायच्या बांबूच्या जाळीवर, ठेवतो. आधी ठेवला तर तो कोष विणत नाही, नुसता वाळून जातो. किड्याच्या बाबतीत मी एवढं जपतो, आणि तुझ्या बाबतीत एकदा बघितलंही नाही. तू दमला असशील, असं मला हवं होतं. म्हणून तसं मला दिसलं.

काल गणपतीचा दुसरा दिवस. गरडी भरलेली होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की फत्तेनं हे पाठवलं होतं ते शिवण्यासाठी, मी ते न विचारता देवाला दिलं. दुसऱ्याच्या परड्यातली फुलं तोडून वाहिली तर ती देवाला पोहोचत नाहीत. त्यामुळं शब्द मोडण्याचा प्रश्न नाही, कारण शब्द दिलाच गेलेला नाही. आणि मी ते उचलले.

मास्तर म्हणाले, "खंडोजी, असं कधी झालेलं नाही." मी म्हटलं, असा गाढवपणाही कधी झालेला नाही. कुणी हसलं नाही. भीमण्णा उठून बाहेर गेला. रोज मी लावायचो ती समई आता मकर संक्रांतीपर्यंत मास्तर लावतील, असं मीच शिक्षा म्हणून सुचवलं. काल संध्याकाळी त्या वेळेला हात रिकामे होते आणि कुठं ठेवावेत ते कळेना, एवढंच.

शिवाप्पानं शिवण घातली. शेंदूर चामड्यात शिरलाय तो निघत नाही म्हणाला. ते उद्या कंडक्टरबरोबर येतील, आणि या वेळी पिशवीत चिठ्ठी आहे.

आता तू मोकळा आहेस. लढ, नाहीतर लढू नकोस. मी यापुढं सांगणार नाही.

खंडोजी


बनशंकरी, बेंगळूर
४ ऑक्टोबर १९९४

अण्णांना नमस्कार.

यांच्या मागं लिहिते आहे, तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.

ग्लोव्ह्ज मिळाले त्या दिवशी हे सरावाला गेले नाहीत. मला वाटलं, आता विचार बदलतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला गेले, आणि आता दोन्ही वेळ जातात. मी बोलणं सोडून दिलं होतं. पण बोलणं सोडलं की माणूस बघायला लागतो, तसं मी बघायला लागले.

यांना उजव्या बाजूचं दिसत नाही, अण्णा. पेल्यात पाणी ओततात ते पेल्याच्या बाजूला पडतं. रस्ता ओलांडताना सगळी मान वळवून बघतात. परवा अक्षरा उजव्या हाताला येऊन उभी राहिली आणि बाबा म्हणाली, तर हे एवढे दचकले की तीच घाबरली. मला म्हणाली, "आई, बाबा मला बघून का घाबरले?" मी यांना विचारलं तर म्हणतात, लक्ष नव्हतं. मार्चमधल्या सरावात एकदा डोळ्यावर मार बसला होता, तेव्हापासून असावं. म्हणजे जुलैत हरले तेही त्यामुळंच. आणि आता पुन्हा तिथंच मार खायला जाणार.

माझं ऐकत नाहीत. डॉक्टरकडं येत नाहीत. तुमचा शब्द मात्र यांनी कधी मोडलेला नाही. एवढे रागावले, तरी तुमचं पत्र फाडलं नाही, घडी करून ठेवलं. तुम्ही एकदा नको म्हणा. स्पष्ट नको म्हणा. मी तुमच्याकडं आजवर काही मागितलेलं नाही.

आसावरी


हुलीकट्टे
शनिवार, १५ ऑक्टोबर १९९४

चि. फत्ते,

काल दसरा झाला. सोनं वाटायला आसावरीचा आणि तुझा हात नव्हता, म्हणून ते या पाकिटात घातलं आहे.

तुझ्या डोळ्याचं मला कळलं. आसावरीनं लिहिलं. तुझ्यापासून लपवून मी काही करणार नाही, म्हणून नाव सांगतो. तिच्यावर रागावलास तर माझ्यापेक्षा मोठी चूक करशील.

तिनं मला सांगितलं आहे की फत्तेला नको म्हणा. पत्र येऊन आठ दिवस झाले. नको म्हणायचं असतं तर त्याच दिवशी तार केली असती. मी नको म्हटलं तर तू थांबशील, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. डोळा वाचेल. रोज सकाळी उठतो तो हेच ठरवून उठतो की आज लिहावं. मग लेखणी घेतली की आठवतं, की एकदा मी तुझ्यासाठी ठरवून झालेलं आहे. पुन्हा तेच केलं तर तुझा डोळा राहील, पण जन्मभर तू म्हणशील की मी लढलो असतो, अण्णांनी थांबवलं. तेव्हा सांगत नाही. हे मी बरोबर करतो आहे की चूक, ते मला कळत नाही. आसावरीला काय तोंड दाखवू, तेही कळत नाही.

एकच विचारतो. मी समजत होतो तुला हरण्याची लाज वाटते. आता वाटतं, ते खरं नाही. इतका मार खाल्लेला माणूस हरायला भीत नसतो. एका डोळ्यानं तू रिंगमध्ये जायला निघाला आहेस, त्या अर्थी रिंगच्या बाहेर असं काहीतरी आहे ज्याला तू जास्त भितोस. ते काय आहे? मला लिहू नये असं वाटलं तर लिहू नकोस. पण तुला स्वतःला ते ठाऊक असू दे.

खंडोजी


बनशंकरी, बेंगळूर
२३ नोव्हेंबर १९९४

अण्णा,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. द्यायचं काय, तेच माझ्याकडं नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी वजन आणि तपासणीसाठी गेलो. आसावरी फाटकापर्यंत आली. तिथूनच परत फिरली. वजन बरोबर भरलं. डॉक्टर हयवदन मला वर्षानुवर्षं ओळखतात. डोळ्यांपुढं बॅटरी धरतात, "सगळं ठीक?" म्हणतात, आपण हो म्हणायचं आणि ते सही करतात. या वेळी त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, "नाही सर." ते सवयीनं सही करत होते, ती अर्ध्यावर थांबली. "काय नाही?" "उजव्या डोळ्याच्या कडेचं दिसत नाही." "कधीपासून?" "मार्चपासून." "मग जुलैत का बोलला नाहीत?" मागं रांगेत उभी असलेली पोरं पुढं वाकून बघायला लागली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, स्वतः उठले आणि त्यांच्या गाडीतून मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डोळ्याच्या आतला पडदा कडेनं फाटला आहे. लेसरनं टाचून दिलाय. गेलेलं येणार नाही, उरलेलं टिकेल. मार मात्र आता एकही नको.

सामान घ्यायला परत स्पर्धेच्या ठिकाणी गेलो, तेव्हा शार्दूल जिन्यात भेटला. मला वाटलं होतं, त्याला आनंद होईल. तो म्हणाला, "सर, मी सगळी तयारी तुमच्यासाठी केली होती." फार हिरमुसला होता. बावीस वर्षांचं पोर. चहा पाजला मी त्याला. ग्लोव्ह्ज कपाटावर आहेत. त्यांचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. ठरलं की मी घेऊन येईन, कंडक्टरकडं देणार नाही.

आता तुम्ही विचारलं होतं त्याचं.

तुमचं श्रावणातलं पत्र आलं, ग्लोव्ह्ज आंजनेयापुढं ठेवल्याचं, तेव्हा मी तुम्हाला चिडून लिहिलं. पण पत्र वाचल्या वाचल्या मला राग आला नव्हता. आधी बरं वाटलं होतं. आसावरी सुटले म्हणाली, त्याच्या आधी माझ्या मनात तेच आलं होतं. त्या बरं वाटण्याची मला लाज वाटली आणि ती मी तुमच्यावर काढली. तुम्ही गावासमोर ते उचललेत तेव्हा ती वाटही बंद झाली. अण्णांनी देवाला दिले म्हणून थांबलो, असं म्हणायची सोय राहिली नाही.

आणि भीत होतो ते कारखान्याला. ते पक्कं आहे, असं तुम्ही धरलं होतं. अण्णा, मला यंत्र चालवता येत नाही. पगार टर्नरचा घेतला आणि यंत्राला हात लावला तो फक्त आयुधपूजेला, हळदकुंकू वाहायला. माझ्याबरोबर लागलेले आता चार्जहँड होऊन दुसऱ्यांच्या कामावर देखरेख करतात. त्यांच्यापुढं जाऊन, हे कसं धरायचं, असं विचारायचं होतं. त्यापेक्षा शार्दूलचा मार बरा वाटत होता. ठोसा खाल्ला तर लोक अरेरे म्हणतात. टर्नरला माप घेता येत नाही म्हटल्यावर काय म्हणतील, ते मी रोज डोक्यात ऐकत होतो.

सोमवारी गेलो. बिंदुमाधवांनी यंत्र खरंच पुसून ठेवलं होतं. शॉपमधल्या सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या, तेव्हा पळून जावंसं वाटलं. टाळ्या संपल्यावर मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मला यातलं काही येत नाही." एक जण म्हणाला, "ते आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, फत्तेअण्णा. तुम्हालाच ठाऊक नव्हतं." बाकीचे हसले. मलाही हसू आलं. दुसरा एक म्हणाला, "याला गुद्दा मारून चालत नाही हां, हळू फिरवायचं." तेही खरं निघालं. माझा हात जड पडतो. आणि उजवीकडचं दिसत नसल्यानं कातायचं हत्यार तुकड्याला कुठं टेकलं ते मान वाकडी करून बघावं लागतं. तसा बघत असलो की बिंदुमाधव दिवा त्या बाजूला सरकवून देतात.

आसावरी रोज विचारते, "आज काय बिघडवलंत?" अक्षराला ते फार आवडतं. पोरांना शिकवायचं का, हे मला कुणी विचारलेलं नाही आणि मीही अजून कुणाला विचारलेलं नाही. कोचचा कोर्स राहू दे तूर्त. संक्रांतीला आम्ही तिघं येऊ म्हणतो.

सोमवारचा तुकडा तपासणीत नापास झाला. कालचाही झाला. आजचा भोंगा होईपर्यंत पुरा झाला नाही, तो यंत्रावरच पकडून ठेवून आलो आहे. सकाळची पाळी आहे, म्हणून आता झोपतो.

तुमचा
फत्ते